क्लॅपवायझर बॅसिनेट, एका हंगामानंतर: टोप पास, पिन नापास

माझ्या बॅसिनेटच्या, म्हणजे मध्ययुगीन धाटणीच्या पोलादी टोपाच्या, चेहऱ्यावरच्या झडपेची पिन परत निखळली. दुरुस्तीचं विचारलं तर कारखान्याचं उत्तर आलं: लढताना झालेली मोडतोड वॉरंटीत बसत नाही. अहो, बुहुर्टसाठी, म्हणजे चिलखत घालून खरोखर मारामारी करायच्या खेळासाठी म्हणूनच विकलंत ना? मग काय शोकेसमध्ये बसून मोडायला हवं होतं?

मी म्युनिकजवळ राहतो, क्लबातही बहुतेकांचं चिलखत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणून जर्मन वळणाचं बॅसिनेट घेतलं. स्प्रिंग स्टील, डुकरतोंडी झडप, खाली कड्यांची जाळी. टायटॅनियमसाठी जेवढे जादा मागत होते तेवढ्यात पुण्याला जाऊन आलो असतो.

जाळीसकट वजन सहा किलोच्या आसपास. सुरुवातीला मान इतकी धरायची की इथे वजनालाच शिव्या घालायच्या असं ठरवलं होतं. आता मत बदललंय. आपल्याकडे भोसकायला बंदी आहे, पण कुऱ्हाड आणि हॅलबर्ड (लांब दांड्याची कुऱ्हाड) पाठीमागूनही डोक्यात बसतात. जड टोप सहजासहजी हलत नाही, त्यामुळे आतल्या डोक्याला झटका कमी पोचतो. फक्त माप देताना आतली गादी धरून द्या. पोलाद आणि कवटी यांच्यात अंतर उरलं नाही तर पत्रा कितीही जाड असो, उपयोग शून्य. हनुवटीचा पट्टा ठीक.

श्वासाची छिद्रं मात्र उजवीकडेच. जुन्या कित्येक झडपांवर तशीच आहेत, कारण घोड्यावर भाल्याचा मार डावीकडून यायचा. आमच्याकडे ना घोडा ना भाला, तरी डावी बाजू बंद! ऑर्डर देतानाच दोन्हीकडे पाडून मागा.

आता पिन. क्लॅपवायझरची अख्खी झडप कपाळावरच्या एकाच बिजागरीला लटकते. समोरचा घाव ती मुकाट सोसते, पण बाजूने ढालीची कड बसली की बिजागरी पिळवटते आणि पिन वर सरकते. कारखाना म्हणतो, रचना अस्सल आहे. आहेच. झडप काढून ठेवता यावी म्हणून तेव्हाही पिन सुटीच असायची. दक्षिण टिरोलमध्ये श्लुडर्न्सला कूरबुर्ग किल्ल्याचं शस्त्रागार बघायला गेलो, तर मी आपला टोपांच्या बिजागऱ्याच बघत उभा. बायको कंटाळून पुढे निघून गेली. पण त्या काळच्या नाइटच्या हाताशी पोऱ्या असायचा. इथे पाच विरुद्ध पाचच्या धुमश्चक्रीत झडप गेली की माझी फेरी संपली, वर लोखंडी हातमोजे घालून वाळूत पिन मीच शोधायची.

नवी पिन दोन युरो, कुरिअर अठरा. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. शेवटी बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून, बोल्ट आणि नायलॉकचा (आपोआप न सुटणारा) नट आणला, बोल्टचं डोकं कानशीने गोल केलं, काळं केलं. तेव्हापासून झडप जागची हललेली नाही.

टोप विकणार नाही, माथ्यावर एवढे घाव खाऊनही पोचा नावालाच आहे. पण नवीन घेणार असाल तर दोन्ही कानशिलांवर खीळ असलेली झडप घ्या, इटालियन नमुन्यांत भरपूर मिळतील. माझा आधुनिक नट स्पर्धेच्या साहित्य-तपासणीत कोणाला दिसू नये म्हणून त्यावर चामड्याचा तुकडा शिवलाय. पुढच्या स्पर्धेत खपला तर खाली लिहीन.