अमेरिकेतली इंग्रजी शिकणारी मुलं: ईएसएल बरं की द्विभाषिक वर्ग?

अमेरिकेच्या सरकारी शाळांत 2011 साली इंग्रजी शिकणारी, म्हणजे घरी दुसरी भाषा असल्याने इंग्रजी अजून कच्चं असलेली मुलं सुमारे 46 लाख होती, 2021 मध्ये 53 लाख झाली. म्हणजे दर दहांत एक. त्यातली तीन चतुर्थांश स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. टेक्सासमध्ये तर शाळेतल्या दर पाचात एक मूल इंग्रजी शिकणारं.

ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याच्या पद्धतीत, सगळं शिक्षण इंग्रजीतून. अनेक ठिकाणी मुलाला रोज थोडा वेळ वर्गाबाहेर नेऊन इंग्रजी शिकवतात. एकाच शाळेत वेगवेगळ्या दहा भाषांची मुलं असली तरी हे जमतं, हा मोठा फायदा. घोळ वेळापत्रकात होतो: नेमका गणिताचा तास बुडतो, आणि इंग्रजी सुधारत असताना अपूर्णांक कच्चे राहतात. ईएसएलच्या शिक्षकानेच वर्गात येऊन शिकवलं तर हे टळतं.

द्विभाषिक वर्गात 90:10 पद्धत असेल तर बालवर्गात 90 टक्के शिकवणं स्पॅनिशमधून, पुढे दरवर्षी इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं. सुरुवातीला इंग्रजी मागे दिसतं, पालक घाबरून दुसरीतच मूल काढून घेतात, आणि तिथेच नुकसान होतं. किमान पाच-सहा वर्षं टिकायची तयारी हवी. स्पॅनिश घरातल्या मुलासाठी, शिक्षक मिळत असतील तर, आम्ही हाच निवडू.

मराठी घरांना बहुतेक ठिकाणी ईएसएलच मिळतं. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा ‘मराठी’ लिहिली की मुलाची इंग्रजी चाचणी होते. ती टाळायला ‘इंग्रजी’ लिहू नका. हक्काची मदत हातची जाते. मदत नको असेल तर लेखी नकार देता येतो. वार्षिक चाचणी मात्र सुटत नाही.