परदेशात हॉस्टेलवर राहणं: नऊ महिने आणि तीन प्रवासांनंतरचा अनुभव

मी 58 वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली, मुलुंडला राहते. ताई 63 वर्षांची, डोंबिवलीची. नोव्हेंबरात व्हिएतनाम, मार्चअखेरीस जपान आणि जुलैत लंडन-स्कॉटलंड असे तीन प्रवास आम्ही दोघींनी टूर कंपनीशिवाय केले. एकूण 37 रात्री बाहेर काढल्या. त्यांतल्या 24 हॉस्टेलवर, 8 विद्यापीठाच्या वसतिगृहात आणि 5 छोट्या हॉटेलांत. आमच्या वयाच्या बायका हॉस्टेलबद्दल फारसं लिहीत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात जपानच्या सहलीच्या चौकशीपासून झाली. माणशी आकडा ऐकून आम्ही दोघी गप्प झालो. घरी येऊन मी खर्चाची फोड केली. विमानाचं तिकीट आणि व्हिसा यांत फार कमी-जास्त होत नाही. सगळा फरक पडतो तो राहण्यात आणि खाण्यात. मी हॉस्टेल सुचवलं, तर ताई म्हणाली, "अगं, ते कॉलेजच्या पोरांसाठी असतं."

तसं ते नाही. आपल्याकडे यूथ हॉस्टेल म्हटलं की हिमालयातला सार पासचा ट्रेक आठवतो, पण मूळ कल्पना जर्मनीतल्या रिचर्ड शिरमन या शाळामास्तरांची. 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळात त्यांनी एका शाळेत आसरा घेतला आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत प्रवाशांना झोपायला जागा द्यावी, हे त्यांच्या मनात आलं. आपली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया त्याच आंतरराष्ट्रीय जाळ्यातली आहे. नाव 'यूथ' असलं तरी आम्हाला कुठेही वय आडवं आलं नाही. काही खासगी हॉस्टेलं मात्र वयाची अट घालतात, ती बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरांत असते. पैसे भरायच्या आधी वाचा.

आम्ही दोघी गिरगावात चाळीत वाढलो. दोन खोल्यांत सात माणसं, सामाईक संडास, सकाळी नंबर. हॉस्टेलच्या पहिल्या सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराबाहेर उभी राहिले आणि मला जराही अवघडल्यासारखं झालं नाही. दुसऱ्याची झोप न मोडता कपाट उघडणं, आपली बादली आपण उचलणं, या गोष्टी आमच्या हाताला लहानपणीच लागल्या होत्या. ज्यांना ती सवय नाही त्यांना पहिले दोन दिवस जड जातील.

व्हिएतनामबद्दल थोडक्यात. हनोईच्या जुन्या भागात दोघींसाठी डॉर्म, म्हणजे खाटेमागे भाडं द्यायची सामाईक खोली, घेण्यात अर्थ नाही. दोन खाटांचे पैसे आणि छोट्या हॉटेलातली न्याहारीसकट खोली जवळपास सारखीच पडते. आम्हाला ती रात्रीला सुमारे 1,700 रुपयांना मिळाली. फक्त खिडकी आहे का, ते विचारा. तिथली घरं दर्शनी बाजूला अरुंद आणि आत लांबच लांब असतात, त्यामुळे मधल्या खोल्यांना खिडकीच नसते. आमच्या पहिल्या खोलीला नव्हती. बुकिंगच्या पानावर तसं लिहिलेलंही होतं, मी वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रोज 300 रुपये जास्त देऊन रस्त्याकडची खोली घेतली आणि ताईचा चेहरा खुलला.

जपानमध्ये हॉस्टेलचा खरा उपयोग झाला. चेरी फुलायच्या दिवसांत क्योतोतल्या हॉटेलांचे दर नेहमीच्या दुपटीवर होते. बायकांच्या डॉर्ममध्ये आम्हाला खाट 3,400 येनला मिळाली, म्हणजे साधारण 2,000 रुपये. सहा खाटा, प्रत्येकीला जाड पडदा, आत दिवा आणि चार्जिंगची सोय, खाली कुलूप लावायचा खण. पडदा ओढला की आपलं वेगळं घर. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून बुकिंग झाल्या झाल्या मी 'खालची खाट द्या' असा निरोप पाठवायची. नऊ महिन्यांत एकदाच वरची मिळाली, ती मी घेतली. कुलूप मात्र आपलं न्यावं लागतं. आम्ही इथून दोन छोटी कुलपं आणि लोहार चाळीतून सगळ्या देशांत चालणारा ॲडॉप्टर घेतला होता.

ओसाकात मी एक रात्र कॅप्सूलमध्ये, म्हणजे एका माणसापुरत्या झोपायच्या खोक्यात, काढली. जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल याच शहरात 1979 साली निघालं, किशो कुरोकावा या वास्तुविशारदाने आखलेलं. झोप छान लागली, पण सामान वेगळ्या लॉकरमध्ये ठेवावं लागतं आणि काही ठिकाणी रोज सकाळी खोली सोडल्यासारखं सगळं आवरून बाहेर पडावं लागतं. एका रात्रीच्या अनुभवासाठी ठीक, मुक्कामासाठी नको. ताई त्या रात्री शेजारच्या हॉस्टेलवरच राहिली.

जपानमध्ये कुणाच्या घरातली खोली घ्यायची असेल तर नोंदणी क्रमांक पाहा. 2018 मध्ये लागू झालेल्या कायद्याने घरमालकांना नोंदणी सक्तीची केली आणि वर्षाला जास्तीत जास्त 180 रात्री भाड्याने देण्याची मर्यादा घातली. क्रमांक नसलेलं घर ऐनवेळी रद्द झालं, तर परक्या गावात बॅगा घेऊन उभं राहायची वेळ आपल्यावर येते.

आता माझं नुकसान कसं झालं ते. टोकियोतलं एक बुकिंग 'अमुक तारखेपर्यंत मोफत रद्द' असं होतं. आमचा बेत एका दिवसाने बदलला. शेवटच्या दिवशी मी बँकेतल्या जुन्या मैत्रिणींना भेटून रात्री नऊच्या सुमारास सीएसएमटीहून लोकलने घरी निघाले होते. गाडीतच फोन उघडून रद्द करायला गेले, तर मुदत संपलेली. मुदत त्या हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे मोजतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथली मध्यरात्र आपल्याकडे रात्री साडेआठलाच होते. एका रात्रीचे 5,000 रुपये गेले. ॲपच्या मदतकेंद्राशी दोन दिवस बोलून काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी रद्द करायची मुदत भारतीय वेळेत करून कॅलेंडरवर लिहिते, तीही एक दिवस आधीची.

दुसरा फटका कार्डाचा. माझ्या कार्डावर परकीय चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे लाखामागे 4,130 रुपये. बँकेत आयुष्य काढूनही हा हिशेब मी पहिल्या प्रवासानंतर केला. पुढच्या दोन्ही प्रवासांसाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, घेतलं. काउंटरवर 'रुपयांत कापू का?' असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि तिथल्याच चलनात द्यायचे. रुपयांत कापताना लावलेला दर आपल्याला महागात पडतो.

पण पैसे सगळ्यात जास्त वाचले ते स्वयंपाकघरामुळे, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच. जागा शोधताना मी आता भाडं नंतर बघते. आधी बघते स्वयंपाकघर आहे का. आम्ही दोघी शाकाहारी. जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्श्यातही माशाचं पाणी असतं आणि लंडनला दोघींचं साधं जेवण बाहेर घ्यायचं तर तीन हजार रुपये सहज जातात. त्यामुळे 800 रुपये स्वस्त पण चूल नसलेली खोली आम्हाला महागच पडते.

आम्ही नेतो ते असं: मेतकूट, थालीपीठाची भाजणी, भाजलेला रवा, पोहे, मूगडाळ, गोडा मसाला आणि हिंगाची छोटी डबी घट्ट झाकणाची. साजूक तूप ब्रिटनला नेता येत नाही. आपल्याकडून तिथे दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यात तूप-पेढे दोन्ही आले. जपानला ताजी फळं-भाज्या न्यायच्या भानगडीत पडू नका. तिथल्या बऱ्याच शेगड्या इंडक्शनच्या असतात, आपलं ॲल्युमिनियमचं पातेलं त्यांवर तापतच नाही. आणि वीज 100 व्होल्टची, त्यामुळे आपल्या विजेच्या किटलीत पाणी तापायला पाचपट वेळ लागतो. ती घरीच ठेवा, हॉस्टेलवर किटली असतेच.

प्रत्येक स्वयंपाकघरात एक फळी असते, निघून जाणारे लोक उरलेलं तिथे ठेवतात. अर्धी पिशवी तांदूळ, तेलाची बाटली, मीठ, चहाच्या पुड्या. ज्याला हवं त्याने घ्यावं. आम्ही तेल-मीठ कधी विकत घेतलं नाही आणि जाताना भाजणी ठेवून आलो, वर इंग्रजीत कृती लिहून. फ्रिजमध्ये मात्र पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची, नाहीतर सफाईच्या दिवशी ती फेकली जाते. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये गेलात तर त्या दिवशी संपवायच्या मालावर सवलतीच्या चिठ्ठ्या लागलेल्या असतात, जपानमध्येही आणि ब्रिटनमध्येही. आमच्या भाज्या आणि ब्रेड त्यातूनच आले.

क्योतोत एका संध्याकाळी जोराचा पाऊस होता, कुणीच बाहेर गेलं नव्हतं. ताईने मऊ भात लावला, वर मेतकूट आणि तेलाची धार. तैवानची एक मुलगी वासाने जवळ आली, तिला तापासारखं वाटत होतं. ताईने काही न विचारता तिच्या पुढ्यात वाटी ठेवली. ती मुलगी निम्मं खाऊन रडायला लागली, म्हणाली, आजीच्या हातची पेज आठवली. दुसऱ्या सकाळी तिनेच आम्हाला बसचा पास कुठे घ्यायचा ते दाखवलं. सात हजारांच्या खोलीत राहिलो असतो तर ही गाठ पडली नसती. परत आल्यावर ताई देवळांपेक्षा त्या मुलीबद्दल जास्त बोलली.

लंडनसाठी एक मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली विद्यापीठं विद्यार्थ्यांच्या रिकाम्या खोल्या प्रवाशांना देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहं शहराच्या अगदी मध्यात आहेत. एक टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या मागे, एक हाय होबर्न रस्त्यावर. आम्हाला दोन खाटांची खोली न्याहारीसकट 92 पौंडांना मिळाली. त्या आठवड्यात तेवढ्या मध्यवर्ती भागातलं साधं हॉटेल 150 च्या खाली नव्हतं. खोली साधी, टेबल, पुस्तकांचा रॅक, न्हाणीघर बाहेर. पुस्तकांचा रॅक पाहून मला बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही. फिट्झरॉय स्क्वेअरला इंडियन वायएमसीए आहे, तिथे आपलं जेवण मिळतं आणि राहताही येतं. आम्हाला जागा मिळाली नाही, तुम्ही दोन-तीन महिने आधी बघा.

स्कॉटलंडमध्ये ग्लेन नेव्हिसच्या हॉस्टेलवर तीन रात्री राहिलो, बेन नेव्हिसच्या पायथ्याशी. तो डोंगर 1,345 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा 300 मीटरने ठेंगणा, पण ब्रिटनमध्ये त्याहून उंच काही नाही. ओले कपडे वाळवायला तिथे वेगळी गरम खोली असते. पावसाळ्यात सह्याद्री चढलेल्या माणसाला तिची किंमत कळेल. एडिंबराला मात्र ऑगस्टमध्ये जाऊ नका. महोत्सवाच्या दिवसांत डॉर्मची खाटही हॉटेलच्या भावाने जाते.

तक्रारी आहेतच. एका ठिकाणी 'स्टेशनपासून पाच मिनिटं' खरं होतं, पण इमारतीला लिफ्ट नव्हती आणि खोली चौथ्या मजल्यावर. तेव्हापासून मी अभिप्रायांत सर्वात नवे आणि सर्वात कमी गुणांचे आधी वाचते आणि त्यांत 'लिफ्ट', 'जिना', 'ढेकूण' हे शब्द शोधते. पोचल्यावर गादीची शिवण उलटून बघते आणि तोवर बॅग खाटेवर ठेवत नाही. एका डॉर्ममध्ये पहाटे तीन वाजता चार मुली मोठ्याने बोलत आल्या. मी उठून सांगितलं, त्या माफी मागून गप्प झाल्या. कानात घालायचे बोळे रोज लागतात. आणि मुंबईची विमानं बहुधा मध्यरात्री सुटतात, त्यामुळे पलीकडे आपण सकाळी पोचतो आणि खोली मिळते दुपारी तीनला. सामान ठेवू देतील ना, अंघोळ करता येईल ना, हे आधी विचारून घ्या. ताईला त्या पहिल्या सकाळचाच सर्वात जास्त त्रास होतो.

लहान मुलं बरोबर असतील, किंवा रात्री चार वेळा उठावं लागत असेल, तर डॉर्म घेऊ नका. त्याच हॉस्टेलची वेगळी खोली घ्या, स्वयंपाकघर तेच मिळतं.

ऑक्टोबरात जर्मनीला जायचंय. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) राहण्याचे पुरावे आणि 30,000 युरोचा विमा लागतो, ती कागदं जमवतेय. शिरमनमास्तरांनी पहिलं कायमचं हॉस्टेल आल्टेनाच्या किल्ल्यात उघडलं होतं, त्या जुन्या खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्यात आणि किल्ल्यात आजही हॉस्टेल चालतं. ताईनेच नकाशावर शोधून काढलं. दोन रात्री घेतल्यात, खालच्या खाटेचा निरोप काल पाठवला.