‘संध्याकाळी आरशासारखी गाडी न्या’: १८,५०० रुपयांचा चुना

लग्नसराईच्या तोंडावर कुणी ‘रबिंग-पॉलिश आणि वर सिरॅमिक कोटिंग, तीन वर्षं गॅरंटी, सकाळी टाका संध्याकाळी न्या’ म्हणाला, तर चावी खिशातून काढू नका. सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा संरक्षक थर. माझे १८,५०० रुपये गेले, गाडीच्या रंगाचा वरचा थर गेला आणि वर घरच्यांपासून हवालदारापर्यंत सगळ्यांकडून ऐकावं लागलं, ‘एवढे शिकलेले तुम्ही आणि कसे फसलात?’ दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. जळगावात हायवेलगत आहे, एवढं पुरे.

गाडी २०१९ची, काळी सेडान. काळ्या गाडीचं दुखणं आपल्या भागात वेगळं सांगायला नको. बोअरचं पाणी क्षाराचं, धुतली की पाच मिनिटांत उन्हाने पांढरे डाग धरतात, आणि फडक्याने पुसून पुसून कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा उमटतात. भाच्याचं लग्न होतं, नवरदेवाची गाडी म्हणून माझीच ठरली होती. ताईने दोनदा बजावलं, ‘गाडी जरा नीट करून घे रे.’ अशा वेळी माणूस चार ठिकाणी कोटेशन मागत फिरतो का? ओळखीच्या माणसाने नंबर दिला, काचेचं ऑफिस, एसी, भिंतीवर परदेशी बाटल्यांची पोस्टरं. कुणीही विश्वास ठेवला असता.

ठरलं ते असं: पॉलिश ६,५००, कोटिंग १२,०००. पाच हजार अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिले. उरलेले १३,५०० ‘कॅश द्या दादा, जीएसटीचे ३,३३० वाचतील’. आता मला सांगा, तेहतीसशे रुपये कुणाला नको असतात? या गावात पक्कं बिल मागितलं की दुकानदार असा बघतो, जणू आपणच छापा टाकायला आलोय. हातात आली ती गुलाबी कच्ची पावती. त्यावर लिहिलेलं ‘वॉश + पॉलिश’. कोटिंगचा शब्द नाही. मी विचारलंसुद्धा! म्हणाला, ‘कोटिंगचं वॉरंटी कार्ड वेगळं असतं दादा.’ पावतीवर कामाचं पूर्ण नाव लिहून घ्या, तिथल्या तिथे, पेन आपलं काढून.

मे महिना, दुपार, वर पत्र्याचं शेड. बोनेटवर हात ठेववत नव्हता इतका पत्रा तापलेला, आणि त्या तापलेल्या पत्र्यावर पोरगा रोटरी मशीन चालवत होता, लोकरीचं पॅड लावून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रोटरी एकाच जागी गरगर फिरते, झटपट कापते, तेवढीच उष्णता तयार करते. हात सराईत नसेल तर रंगावर गोल लाटा उमटतात, कडेवर रंग जळून खाली प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसतो. दुसरं मशीन ड्युअल अ‍ॅक्शन, ते फिरतं आणि डगमगतंही. वेळ जास्त खातं पण सहसा जाळत नाही. नवशिक्याच्या हाती तेच द्यायचं. काम सावलीत, थंड पत्र्यावर, दोन-दोन फुटांच्या चौकोनात व्हायला हवं. आधी धुणं, मग क्ले (मातीसारखा मऊ गोळा) घासून चिकटलेली घाण काढणं, रबर आणि कडांना टेप, एका कोपऱ्यात चाचणी, आणि मगच सगळी गाडी. कडांवर टेप कुठे दिसला नाही. कारण तिथे टेपच नव्हता.

आणि तो क्षण. अजून रात्री आठवला की दात ओठ खातो. मी सहज विचारलं, रंगाची जाडी मोजायचं मीटर लावणार ना? मालक हसला. ‘दादा, हा हात आहे ना, हाच मीटर.’ पोरंही हसली. त्याच वेळी गाडी काढून आणायला हवी होती, पण मंडप, आहेर, आचारी, दहा कामं डोक्यावर. मीटरचं महत्त्व काय, तर कारखान्यातून येणारा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्यात वरचा पारदर्शक क्लिअरकोट ४०-५०च्या आसपास. चमक त्याचीच, उन्हापासून रक्षणही तोच करतो. पॉलिश म्हणजे रेघ बुजवणं नाही, रेघेभोवतीचा क्लिअरकोट घासून रेघेच्या तळापर्यंत खाली आणणं. एकदा गेलेला थर परत येत नाही. म्हणून मीटर नसेल तर मशीन लावू देऊ नका. साध्या मीटरने प्लॅस्टिकच्या बंपरची जाडी मात्र कळत नाही, तिथे कारागिराचा संयमच कामाला येतो.

सकाळी टाकलेली गाडी चार वाजता ‘तयार’. मी उन्हं उतरल्यावर, दिवेलागणीला न्यायला गेलो. तो म्हणालाच होता, सातनंतर या. आता कळतं का ते. ट्यूबलाइटखाली बोनेटमध्ये स्वतःचा चेहरा दिसत होता, मिशीचा पांढरा केससुद्धा. दारावरून बोट फिरवलं तर बोटाला तेलकटपणा लागला, आणि हँडलच्या खाचेत कंपाउंडची, म्हणजे घासायच्या पेस्टची, पांढरी पूड. ‘पंधरा दिवस धुवू नका, कोटिंग पिकू द्या,’ असंही वर सांगितलं. खरं कोटिंग असेल तर पहिला दिवस पाणी नाही आणि आठवडाभर शांपू नाही, एवढं पथ्य ठीक आहे. पण याने पंधरा दिवस कशासाठी सांगितले? रेघा तेल-मेणाने बुजवलेल्या होत्या, धुतलं की उघड्या पडल्या असत्या. खऱ्या कोटिंगची बाटली एवढीशी, तीस-पन्नास मिलीची. ती थेंबाथेंबाने कापडावर घेऊन लावतात. इथे शेडच्या कोपऱ्यात स्प्रेचा कॅन मी डोळ्यांनी पाहिला होता.

लग्न झालं, नवरदेव मिरवला. वळवाच्या दोन सरी पडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीवर सगळीकडे गोल लाटा. पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळायला हवेत, ते पसरून बसले. शेजारचे आप्पा काठी टेकत आले, बोनेटकडे बघून म्हणाले, ‘हाई काय करी टाकं रे भाऊ गाडीनं!’ बोनेटच्या उजव्या घडीवर बोटभर लांबीची राखाडी रेघ. प्राइमर.

ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने मीटर लावलं: छत ११८ मायक्रॉन, दारं १०५च्या आसपास, बोनेटचा मध्य ८४, घडीवर ६१. मग अल्कोहोल आणि पाणी मिसळून एका दारावर पुसलं, चमक कापडावर उतरली. हे पुसणं तुम्ही गाडी ताब्यात घेतानाच करायला सांगा, तेही भर उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात. नकार दिला तर उत्तर मिळालं म्हणून समजा. बोनेट रंगवायचे ९,२०० सांगितले.

दुकानदाराकडे गेलो तर पहिलं वाक्य, ‘तुमचं पाणीच खराब आहे दादा.’ दुसरं, ‘मेन्टेनन्स वॉशला आला नाहीत, वॉरंटी संपली.’ वॉरंटी कार्डावरचा नंबर कोटिंग कंपनीच्या वितरकाला कळवला, तिथून निरोप, हा नंबर आमच्याकडे नोंदलेलाच नाही. हे मी पैसे देण्याआधी का नाही पाहिलं, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, कार्ड पैसे दिल्यावर मिळतं. तुम्ही मात्र आधी मागा.

मग सुरू झाली सरकारी वरात. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, गाडी आहे ना दारात? मग चोरी कुठे? मी म्हटलं चारशेवीस. हवालदार म्हणाला, ‘ती गेली. आता न्याय संहितेत तीनशे अठरा.’ कलम पाठ, तक्रार मात्र घेईना! दिवाणी आहे, कोर्टात जा. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, मोबाइलवर क्रमांक आला, पुढे ‘संबंधितांकडे पाठवली’ म्हणून बंद. संबंधित कोण, ते फोनवरच्या पोरीलाही माहीत नव्हतं. जीएसटीच्या कचेरीत बाबूने पावती उलटी-सुलटी केली आणि विचारलं, ‘रोख तुम्हीच दिले ना?’ म्हणजे चोर मी! टॅक्स बुडवणाऱ्याचं नाव, पत्ता, पावती, सगळं समोर ठेवलेलं, आणि चहाचा कप माझ्या अर्जावर. एकाने तर आरटीओला पाठवलं. रंग बदललाय का, नाही, मग आमचा संबंध नाही. एका खिडकीवर पाटी होती ‘ग्राहक हाच राजा’, आणि जेवायच्या सुट्टीमुळे ती खिडकी बंद.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. हे नीट ऐका, कारण हे मला कुठल्याच खिडकीने सांगितलं नाही: २०१९च्या कायद्याप्रमाणे दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि मुदत दोन वर्षांची. मला मात्र वकिलाने ७,००० सांगितले आणि म्हणाला पक्कं बिल आणा. यूपीआयच्या पाच हजारांची नोंद आहे, बाकी १३,५०० रोखीचे, त्यांचा पुरावाच नाही. म्हणून निदान सगळे पैसे ऑनलाइन द्या, तीन हजार वाचवायला जाऊ नका. गाडी देण्याआधी प्रत्येक पॅनेलचा व्हिडिओ काढा, तारखेसह.

अर्ज दिलाय. कुणाकडे तशीच शिक्का नसलेली गुलाबी पावती असेल, ‘वॉश + पॉलिश’ लिहिलेली आणि खाली वेलांटीची सही, तर फाडू नका, मला कळवा. पुढच्या तारखेला दोघा-तिघांच्या पावत्या एकत्र जोडायच्या आहेत.