छोट्या कॉन्फरन्स रूमसाठी ७५ इंची डिस्प्ले : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकमधील आमचे स्ट्रक्चरल डिझाइनचे ऑफिस दहा जणांचे आहे आणि कॉन्फरन्स रूम १६ बाय ११ फुटांची आहे. खिडकी पश्चिमेला असल्यामुळे दुपारी तीननंतर खोलीत भरपूर उजेड येतो आणि आमच्या बहुतेक बैठका नेमक्या त्याच वेळी होतात, कारण आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर सकाळी साइटवर असतात. आधीचा प्रोजेक्टर याच कारणाने काढावा लागला. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. ज्या जागी चित्र काळे असते तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही, त्यामुळे उजेडातल्या भिंतीचा जो रंग असेल तोच आपला काळा ठरतो. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर बारीक रंगीत रेषा असतात, आणि पार्श्वभूमी राखाडी झाली की त्या रेषा तिच्यात बुडून जातात. पडदे ओढून दिवे घालवायचे, तर समोरच्या माणसाला स्वतःच्या वहीत लिहिता येत नाही.

आकार ठरवताना घरच्या सवयीने सगळ्यांच्या तोंडी ५५ इंचच होते. दुकानात तो आकार प्रचंड वाटतो. आम्ही निर्णय घेण्यापूर्वी भिंतीवर मास्किंग टेपने ५५, ६५ आणि ७५ इंचांच्या चौकटी आखल्या आणि शेवटच्या खुर्चीवर बसून पाहिले. ती खुर्ची भिंतीपासून १३ फुटांवर आहे. या कामात एक जुना आडाखा उपयोगी पडतो: साधे प्रेझेंटेशन पाहायचे असेल तर अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपर्यंत चालते, पण बारीक तपशील वाचायचा असेल तर ते चौपटीच्या आत असावे. डिस्प्लेचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, त्यामुळे ५५ इंचांची उंची सुमारे २७ इंच, म्हणजे चौपट केली तर ९ फूट. ७५ इंचांची उंची सुमारे ३७ इंच, म्हणजे १२ फुटांच्या थोडे वर. शेवटच्या दोन खुर्च्या त्यातही किंचित बाहेर राहतात, परंतु ५५ इंची घेतला असता तर निम्मे टेबल बाहेर राहिले असते. दहा जणांच्या ऑफिसात ७५ इंच म्हणजे उधळपट्टी, असे मलाही आधी वाटत होते. आता तसे अजिबात वाटत नाही.

घरगुती टीव्ही स्वस्त पडत होता. तरीही आम्ही व्यावसायिक वापराचा डिस्प्ले घेतला, त्याची दोन कारणे आहेत. आम्हाला दाखवलेल्या टीव्हीच्या वॉरंटीच्या कागदावर ती फक्त घरगुती वापरासाठी असल्याचे स्पष्ट लिहिले होते. दुसरे म्हणजे, व्यावसायिक पॅनलचा पृष्ठभाग मॅट होता आणि घरगुती टीव्हीचा चकचकीत. पश्चिमेच्या खिडकीसमोर केवळ जास्त ब्राइटनेस पुरत नाही, समोरच्या काचेत खिडकी किती दिसते हेही तितकेच महत्त्वाचे ठरते. टचस्क्रीन पॅनलही पाहिला होता. शाळेच्या वर्गात, जिथे शिक्षक फळ्यापाशी उभे असतात, तिथे तो शोभतो. आमच्याकडे टेबल मध्ये असते आणि बोलणारा माणूस बसून बोलतो, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

केबलकडे मात्र आम्ही दुर्लक्ष केले आणि पहिला महिना त्यातच गेला. टेबलापासून जमिनीतल्या पाइपमधून भिंतीवर जाईपर्यंत १० मीटर लांबी भरते. साध्या एचडीएमआय केबलने फोर-के (३८४० बाय २१६० ठिपक्यांचे) चित्र सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने एवढ्या अंतरावर भरवशाने जात नाही. दर पाच-दहा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा होत असे. वेग ३० वर आणला की चित्र टिकत असे, पण माउस अडखळत चालू लागे आणि ड्रॉइंग सरकवताना डोळ्यांना त्रास होई. शेवटी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या साह्याने सिग्नल नेणारी, एचडीएमआय केबल आणली. ती एकाच दिशेने चालते, तिचे एक टोक लॅपटॉपसाठी आणि दुसरे डिस्प्लेसाठी असते, आणि तसे टोकावर लिहिलेलेही असते. बसवणाऱ्याने ती उलटी ओढली. पडदा कोराच राहिला, आणि सारे फिटिंग उघडून तीच केबल पुन्हा ओढण्यात एक पूर्ण शनिवार गेला. त्या वेळी पुढे केबल ओढायला लागली तर म्हणून पाइपमध्ये एक जादा दोरी ठेवून घेतली. ती सुरुवातीलाच ठेवायला हवी होती.

खरी अडचण त्यानंतर समोर आली. एका बैठकीत कॉन्ट्रॅक्टरांनी बीमच्या तपशिलावर बोट दाखवून विचारले, ‘साहेब, रिंगांचे अंतर १५० आहे की १८०?’ रिंगा म्हणजे बीमच्या सळ्यांभोवतीची लोखंडी कडी, आणि त्यांचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहितात. लाल अक्षरात १५० लिहिलेले होते, पण चार फुटांवरूनही पाच आणि आठ यांत फरक कळेना. पांढरा मजकूर कोरल्यासारखा स्पष्ट, आणि लाल व निळा मात्र पाण्यात भिजल्यासारखा. पॅनल सदोष आहे असेच मला वाटले. कारण निघाले ते वेगळेच. एचडीएमआय पोर्टची सेटिंग कमी क्षमतेवर होती, आणि अशा वेळी ६० फ्रेमचे फोर-के चित्र बसवण्यासाठी रंगाची माहिती कमी करून पाठवली जाते. प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा वेगळा जातो, पण रंग चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच. सिनेमात हे कळतही नाही. काळ्यावरच्या एका ठिपक्याएवढ्या लाल रेषेची मात्र वाट लागते. मेन्यूमध्ये त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू केली, इनपुटचा प्रकार ‘पीसी’ ठेवला आणि शार्पनेस खाली आणला, तेव्हा रेषांभोवतीची पांढरी कडही गेली आणि १५० हे १५० दिसू लागले. विकत घेण्यापूर्वी स्वतःचा लॅपटॉप नेऊन काळ्यावर लाल बारीक मजकूर दाखवायला सांगा, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. दुकानात चालू असलेल्या धबधब्यांच्या व्हिडिओवरून यातले काहीही समजत नाही.

वायरलेसचा उपयोग आम्ही मोबाइलवरचे साइटचे फोटो दाखवण्यापुरता करतो. पाहुण्यांचे वाय-फाय आम्ही ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवले आहे, त्यामुळे त्यांच्या लॅपटॉपला डिस्प्ले सापडतच नाही, आणि ती सुरक्षितता सोडण्याची माझी तयारी नाही. टेबलावर एचडीएमआय आणि टाइप-सी अशी दोन्ही टोके ठेवली आहेत. यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतेच असे नाही, काही पोर्ट केवळ चार्जिंग आणि डेटासाठी असतात.

आवाजाबाबत थोडक्यात सांगायचे तर पॅनलचे स्पीकर पुरेसे आहेत, पण पडद्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याचा माइक १३ फुटांवरून पुरत नाही. फरशी आणि काच यांमुळे आवाज घुमतो. टेबलाच्या मध्यभागी स्पीकरफोन ठेवल्यापासून पुण्याच्या क्लायंटची तक्रार थांबली आहे.

एक मर्यादा कायम आहे. ए-वन आकाराचा (सुमारे ८४ बाय ५९ सेंटिमीटर) पूर्ण कागद या पडद्यावर सुमारे दीडपट मोठा दिसतो, म्हणजे ड्रॉइंगमधले अडीच मिलिमीटरचे अक्षर चार मिलिमीटरचे होते. १३ फुटांवरून ते चांगल्या नजरेलाही वाचता येत नाही. त्यामुळे तपशिलावर बोलताना झूम करावेच लागते, आणि झूम केले की त्या बीमच्या शेजारचा कॉलम पडद्याबाहेर जातो. म्हणून ए-वनची छापील प्रत अजूनही प्रत्येक बैठकीत टेबलावर पसरलेली असते: संपूर्ण आराखडा कागदावर आणि चर्चेतला तपशील पडद्यावर. कॉन्ट्रॅक्टर पेन्सिलीने खूण करतात ती कागदावरच, आणि बैठक संपल्यावर तोच कागद गुंडाळून साइटवर घेऊन जातात.