खुराड्यासाठी विनाइल शीट: नक्षी नको, जाडी बघा

जमिनीपासून उचललेल्या लाकडी खुराड्यात तळाला विनाइल शीट (जमिनीवर अंथरतात ती प्लास्टिकची शीट) घातली की विष्ठा खरवडण्याचा अर्धा त्रास वाचतो. मात्र दुकानात पहिल्यांदा उलगडून दाखवतात ती घरगुती नक्षीदार शीट या कामाची नाही. ती मिलिमीटरभरही जाड नसते आणि तिच्या खाली स्पंजचा थर असतो. पट्टीने खरवडताना ती फाटते, स्पंज ओल धरतो, आणि कड उघडी राहिली तर कोंबड्या टोचून टोचून तो खातात. दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, स्पंज नसलेली सलग शीट मागा. बसमध्ये असते तशी खरखरीतही नको, कारण दाण्यांमध्ये विष्ठा अडकून बसते.

दहा-बारा गावरान कोंबड्यांचं ४ बाय ६ फुटांचं खुराडं धरू. दार ४ फुटी बाजूला असेल तर २ मीटर पन्ह्याच्या रोलमधून ५ फूट तुकडा पुरतो, तोही बिनजोड. ६ फूट तळ, मागच्या भिंतीवर ४ इंच आणि उंबऱ्यावरून खाली २ इंच, असा पन्हा जवळजवळ पूर्ण वापरला जातो. लांबीकडच्या दोन्ही भिंतींवर ४-४ इंच चढवा. सगळं यश या चढवण्यातच आहे. तळाच्या मापाने कापलेल्या शीटच्या कडेतून पाणी खाली उतरतं आणि भारीतला प्लायही कडेपासून फुगतो.

मागचे कोपरे कापू नका. वहीला कव्हर घालताना घडी घालतो तशी घाला. शीट आधी उन्हात तापवली की घडी मुकाट बसते. तळाला डिंक लावायचा मोह टाळा. उन्हाळ्यात पत्र्याखाली डिंक सैल पडून फुगे येतात, शिवाय त्याचा वास कोंबड्यांना त्रासदायक. वरच्या कडेवर अॅल्युमिनियमची पट्टी आणि दर सहा इंचांवर स्क्रू एवढं पुरे. तिन्ही भिंती आणि उंबरा मिळून २० फूट पट्टी, साधारण ४० स्क्रू. तळात एकही स्क्रू नको. खुराडं दाराकडे इंचभर उतरतं ठेवलं तर धुतलेलं पाणी आपोआप बाहेर येतं.

शीटचा खरा फायदा गोचिडांच्या बाबतीत दिसतो. फळ्यांच्या फटी झाकल्या जातात, त्यामुळे दिवसा लपायला जागा कमी. पण मग त्या पट्टीच्या मागे आणि कोपऱ्यातल्या घडीत शिरतात. महिन्यातून एकदा पट्टी सैल करून आत बघावंच लागतं, आणि हे काम कंटाळवाणं आहे.

दुसरा दोष घसरडेपणाचा. मोकळ्या शीटवर पिल्लांचे पाय फाकतात आणि पुढे सरळ होत नाहीत. वर दोन इंच साळीचं तूस हवंच. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा झाला तर ते ओलं आहे, बदला. ओल्या तुसावरच रक्ती हगवण फोफावते. तूस काढायला प्लास्टिकचं सुपडं वापरा, लोखंडी फावड्याने शीटला चिरा पडतात. ब्लीचिंग पावडर वापरायची तर विष्ठा आधी पूर्ण खरवडून धुवा, नाहीतर अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. पूर्ण वाळल्याशिवाय नवं तूस टाकू नका.

जमिनीवरच्या खुराड्यात हा खर्च करू नका. खालून ओल येते आणि शीटखाली बुरशी धरते. तिथे दोन इंचांचा सिमेंटचा कोबा घोटून घ्या, आठवडाभर पाणी मारा. शहाबादी फरशीही चालते, पण तिचे सांधे सिमेंटने गच्च भरलेले हवेत.