पोस्टग्रेसवर चौदा महिने: फाउंड्रीतला अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल अशा तीन एमआयडीसींत आमच्या फाउंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाचे, तीन प्लान्ट. प्रत्येक हीटच्या (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूच्या) नोंदीपासून डिस्पॅचच्या चलनापर्यंत सगळं एका डेटाबेसात. तो विकतचा होता (नाव नको, अजून संबंध पूर्ण तुटलेला नाही). चौदा महिन्यांपूर्वी उत्पादन आणि क्वालिटी पोस्टग्रेस या परवाना-शुल्क नसलेल्या, ओपन सोर्स डेटाबेसवर आणलं. नव्याची नवलाई ओसरलीय, म्हणून आता लिहितोय.

कारण साधं होतं. नवा सर्व्हर घ्यायचा तर प्रोसेसरचे कोअर वाढणार, आणि परवाना कोअरवर मोजलेला. म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग. मालकांना पटवायला मी ॲमेझॉनचं उदाहरण काढलं: 2019 मध्ये त्यांनी ग्राहक-व्यवसायातला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केला, सुमारे 75 पेटाबाइट डेटा हलवला. मालक म्हणाले, "त्यांच्याकडं माणसं किती? आपल्याकडं तू आणि अण्णा." बिनतोड. शिवाय ॲमेझॉनने तो डेटा नेला स्वतःच्याच सेवांवर, त्यामुळे उदाहरण आम्हाला अर्धंच लागू. शेअर बाजारातलं झिरोधा पोस्टग्रेस वापरतं, हे त्यांना जास्त भावलं, कारण त्यांचं स्वतःचं खातं तिथं आहे.

मायएसक्यूएल हा दुसरा ओपन सोर्स डेटाबेस का नाही, असं बरेच विचारतात. ते 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीकडे गेलं आणि 2010 मध्ये सनसकट ओरॅकलकडे. पोस्टग्रेसला असा एक मालकच नाही. बर्कलेच्या विद्यापीठात 1986 मध्ये सुरू झालेलं काम, आज अनेक कंपन्यांची माणसं मिळून चालवतात. उद्या कुणी विकत घेऊन दर बदलेल ही धास्ती नाही.

पहिल्याच आठवड्यात क्वालिटीचा रिपोर्ट आला: रिजेक्शन शून्य टक्के. तिन्ही शिफ्टला. फेटलिंगचे (कास्टिंग घासून साफ करणाऱ्या विभागाचे) सुपरवायझर कागद नाचवत माझ्या टेबलाशी आले, "साहेब, ह्योच डेटाबेस ठेवा की आता कायमचा!" मागे खिडकीतनं ब्लो होल (हवेची पोकळी) पडलेल्या कास्टिंगचा ढीग दिसत होता. घोळ भागाकारात होता. 400 नगांत 18 रिजेक्ट, तर 18 भागिले 400 याचं उत्तर जुना डेटाबेस 0.045 द्यायचा. डेटा हलवताना टूलने ते कॉलम पूर्णांक करून टाकले, आणि पोस्टग्रेस पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश सोडून देतं. उरलं शून्य, त्याला शंभराने गुणलं तरी शून्यच. एका ठिकाणी कास्ट (आकड्याचा प्रकार बदलायची सूचना) टाकला आणि रिपोर्ट सुधारला (फाउंड्रीत "कास्ट टाकला" म्हटल्यावर व्हायचे ते विनोद झाले). पण असे भागाकार आणखी कुठं कुठं लपलेत, ते हुडकण्यात तीन आठवडे गेले. रिकाम्या मजकुराचंही तेच. जुन्याकडे रिकामं आणि नल (माहितीच नाही) एकच, इथं दोन वेगळ्या गोष्टी. शेरा न लिहिलेली कास्टिंग तपासणीच्या यादीतनं गायबच झाली होती.

दोष डेटाबेसचा म्हणता येणार नाही. पंधरा वर्षं आमचा कोड ज्या सवयींवर बिनबोभाट चालला, त्या कुणी लिहूनच ठेवल्या नव्हत्या.

खरी तक्रार व्हॅक्यूमची. इथं ओळ बदलली की जुनी ओळ तशीच पडून राहते, ऑटोव्हॅक्यूम मागाहून साफ करतं. कागलला एकाने शनिवारी बिगिन लिहून एक ओळ बदलली, ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का करायचा बदलांचा गट) पक्कं न करता उघडंच ठेवलं आणि घर गाठलं. मशिनच्या स्टेटसचं टेबल (डेटाबेसातला तक्ता) दर काही सेकंदांनी बदलतं. ते ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत त्यानंतरच्या मेलेल्या ओळी काढता येत नव्हत्या. सोमवारी सकाळी टेबल फुगून बसलेलं, स्क्रीन हलेना. ट्रान्झॅक्शन मारलं, पण डिस्कवरची जागा परत मिळवायला व्हॅक्यूम फुल चालवावं लागलं, आणि तेवढा वेळ टेबलाला कुलूप. पहिल्या शिफ्टने नोंदी वहीत केल्या. उघड्या ट्रान्झॅक्शनला मुदत घालायची सोय आहे, पण मुळात ती बंद असते. पहिल्या दिवशी चालू करा.

शिफ्ट बदलताना कनेक्शनची गर्दी व्हायची. प्रत्येक कनेक्शनला इथं स्वतंत्र प्रोसेस लागते. मधे पीजीबाउन्सर बसवला, तो थोडीच कनेक्शन सगळ्यांना वाटून देतो. मिटलं.

सगळ्यात समाधान रेप्लिकेशनचं, म्हणजे डेटाबेसाची दुसरीकडे चालती प्रत ठेवण्याचं. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगा चढली आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला, ते दिवस विसरलेलो नाही. सर्व्हर एकीकडे, आम्ही दुसरीकडे. आता पुण्यात दुसरी प्रत सतत चालू असते. आधी अशा प्रतीसाठी वेगळा परवाना सांगितला होता, म्हणून ते राहूनच गेलं होतं. दर दोन महिन्यांनी सगळं काम पुण्याच्या प्रतीवर वळवून, उडी मारून बघतो. मागच्या वेळी अण्णांनी चहा संपायच्या आत केलं.

फुकट मात्र काहीच नाही. अडल्यावर रात्री फोन उचलणारा सल्लागार वर्षाच्या कराराने ठेवलाय, आमच्या दोघांच्या शिकण्यातही महिने गेले. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाचच वर्षं दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे अपग्रेडही आपल्यालाच करायचं. तरी जुन्या बिलाच्या निम्म्याच्या आत भागतंय. पाचपैकी चार देईन, कापलेला एक त्या सोमवारचा.

अकाउंट्स अजून जुन्यावरच आहे. "मार्च क्लोजिंग झाल्याशिवाय हात लावायचा नाही," असं अकाउंट्सच्या मॅडमनी बजावलंय, आणि रिजेक्शन शून्य टक्के असलेला तो कागद त्यांनी आपल्या काचेखाली ठेवलाय.