घरचा फोन परगावाहून वळवताना: जुनी लँडलाइन की इंटरनेटचा फोन?

न्यू जर्सीतले घर बंद करून हिवाळा पुण्यात काढणाऱ्यांना घरच्या क्रमांकावर येणारे डॉक्टरांचे, बँकेचे आणि जुन्या स्नेह्यांचे फोन चुकवायचे नसतात. निघताना स्टार ७२ दाबून कॉल दुसरीकडे वळवता येतात. पण ही साधी सोय घरातल्याच फोनवरून सुरू होते आणि स्टार ७३ दाबून तिथूनच बंद करावी लागते. हिवाळ्यात तिकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेबारा होतात. त्यामुळे कॉल वळवणे रोज चालू-बंद करता आले पाहिजे, आणि तेही पुण्यात बसून.

जुन्या लँडलाइनवर त्यासाठी दूरनियंत्रणाची जादा सोय आधीच घ्यावी लागते. कंपनीने दिलेल्या क्रमांकावर कुठूनही फोन करून घरचा क्रमांक व पिन दाबला की पुढे स्टार ७२ किंवा ७३ चालते. इंटरनेट लागत नाही, आणि वळवण्याचे काम एक्स्चेंजमध्ये होत असल्याने घरातली वीज गेली तरी अडत नाही. मात्र वळवलेल्या कॉलचा पुढचा खर्च आपल्याच बिलात येतो, म्हणून भारतातला क्रमांक देण्याआधी तशी मुभा आहे का आणि दर काय, हे विचारावे. कंपनीचा क्रमांक टोल-फ्री असेल तर तो भारतातून लागेलच असे नाही.

इंटरनेटच्या फोनसेवेत हेच काम बहुधा अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर होते आणि कॉल या क्षणी कुठे वळत आहेत ते डोळ्यांना दिसते, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. काही सेवा घरची जोडणी तुटल्यास कॉल आपोआप वळवतात. खात्यात शिरण्याचा सांकेतिक अंक मात्र पुण्यात बंद असलेल्या अमेरिकन मोबाइलवर जाणार नाही, याची तजवीज आधी करावी.

घर रिकामे राहणार असेल तर मी इंटरनेटची सेवा निवडेन. वृद्ध आईवडील मागे राहणार असतील, तर तांब्याच्या तारेवरची लँडलाइन मोडू नये: इंटरनेटचा फोन बॅटरीची सोय नसल्यास विजेबरोबर बंद पडतो आणि ९११ या अमेरिकेतल्या आपत्कालीन क्रमांकाला नोंदवलेलाच पत्ता कळतो. शिवाय त्यांच्यासाठी सगळे कॉल न वळवता, फोन उचलला नाही तरच वळवणारी सोय घ्यावी. कोणतीही सेवा घेतली तरी निघण्याच्या आठवडाभर आधी घराबाहेरून ती एकदा चालू आणि एकदा बंद करून पाहावी.